कायझेनराव

पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडीच्या चौकात पहाटे सव्वासहाला कंपन्यांच्या बसची वाट बघत बरीच माणसं उभी असतात. (पाट्यांवर आता अहिल्यानगर झालंय, बसवाल्याच्या तोंडात अजून नगरच आहे.) सगळ्यांच्या गळ्यात कार्ड, खांद्याला डब्याची पिशवी आणि डोळ्यांत अर्धी झोप. त्यांच्यात एक गृहस्थ टक्क जागे असतात. त्यांचं लक्ष बसकडं नसतं, चहाच्या गाड्याकडं असतं. शेगडी इथं, साखरेचा डबा तिथं, गाळणी पार त्या टोकाला. थोडा वेळ ते सोसतात, मग राहवत नाही.

"दादा, दर चहामागं तुमची तीन पावलं फुकट जातात. साखर इकडं घ्या."

"घेतली. मग वाचलेल्या वेळाचं काय करू?"

"विश्रांती घ्या."

"तीच तर घेतोय सर. तेवढीच तीन पावलं चालायला मिळतात. एरवी दिवसभर एका जागी उभाच असतो."

दुसरा कुणी असता तर ओशाळून बाजूला झाला असता. हे गृहस्थ खिशातली छोटी वही काढतात आणि लिहून घेतात: 'प्रत्येक पाऊल वाया जात नाही. तपासणे.'

यांनाच आम्ही कायझेनराव म्हणतो. त्यांचं खरं नाव शोधायला जाऊ नका. लोणीकंदपासून रांजणगावच्या एमआयडीसीपर्यंत जिथं जिथं निळ्या पत्र्याची शेड आहे आणि गेटवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलंय, तिथं एक कायझेनराव असतोच. चेहरे निरनिराळे, वही तीच. कार्डावरचं पद मात्र दर दोन-चार वर्षांनी बदलतं. आधी ते ट्रेनिंग असिस्टंट होते, मग ट्रेनिंग ऑफिसर, मग मनुष्यबळ विकास, आणि हल्ली 'पीपल, लीन अँड कल्चर' असं काहीतरी आहे. पदाची लांबी वाढत गेली, पगाराची नाही.

जन्म शिरूर तालुक्यातलाच. घरी कांदा, दोन गाई, आणि चासकमानच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटतंय याची वाट बघण्यात गेलेलं लहानपण. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पोरगा प्रेसशॉपला लागला. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा डाय खाली येतो. दोन्ही हात बटणावर असले म्हणजे एकही हात डायखाली नाही, इतका साधा आणि सुरेख विचार त्यामागं आहे. पण टार्गेट नावाची गोष्टही असते. त्या दिवशी आधीच्या शिफ्टनं एका बटणाला लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलं होतं, म्हणजे एका हातानं बटण आणि दुसऱ्या हातानं माल असं पटापट उरकता येतं. डाव्या करंगळीचं पहिलं पेर तिथंच गेलं.

चौकशी झाली. कामगाराचा निष्काळजीपणा असं निघालं. पाचर कुणी मारली हेही विचारलं गेलं, पण का मारली हे कुणी विचारलं नाही, आणि हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसला तो बसलाच. हलकं काम म्हणून कंपनीनं त्यांना ट्रेनिंग विभागात टाकलं. कंपनीच्या लेखी ट्रेनिंग हे हलकंच काम होतं.

मग पुण्यात एका हॉटेलात कसलासा कोर्स झाला. वेगवेगळ्या कंपन्यांतून माणसं आली होती. दुपारचं जेवण चांगलं होतं, पिशवी चांगली होती, प्रमाणपत्राचा कागद जाड होता. बाकीच्यांनी या तिन्ही गोष्टी घेतल्या आणि ते घरी गेले. कायझेनराव शिकवलेलं घेऊन घरी गेले. घोटाळा तिथंच झाला. त्यांनी ताइइची ओनो नावाच्या टोयोटातल्या इंजिनिअरबद्दल ऐकलं (जन्म १९१२, मृत्यू १९९०), ज्यानं कारखान्यातल्या अपव्ययाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट बघत बसणं, मालाची नुसती नेआण, नको ती प्रक्रिया, साठा, नको ती हालचाल आणि सदोष माल. मासाआकी इमाई या गृहस्थांनी १९८६ साली 'कायझेन' नावाचं पुस्तक लिहून रोजच्या छोट्या सुधारणेचा जगभर बोलबाला केला, हेही त्यांना तिथंच कळलं. आणि शेवटच्या स्लाइडवर टोयोटानं २००१ मध्ये आपली रीत कागदावर मांडली तेव्हाचे दोन खांब होते: सतत सुधारणा आणि माणसांचा आदर. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी पहिला खांब सिमेंटचा केला आणि दुसरा गणपतीच्या मखरासारखा थर्माकोलचा. कायझेनरावांना हा फरक कुणी सांगितला नाही. पीपीटीवर विश्वास ठेवणारा अख्ख्या कंपनीत हा एकच माणूस. ज्यांनी पीपीटी बनवली त्यांचाही तेवढा नव्हता.

त्यांचा वर्ग बघण्यासारखा असतो. सणसवाडीचं शिवार एक पिढीपूर्वी ज्वारी-बाजरीचं होतं. आता त्यात शेड आहेत आणि शेडच्या मधल्या जागेत खोल्यांच्या रांगा आहेत. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी कुणाचा टेम्पो लागला, कुणाची जेसीबी, कुणाच्या वीस खोल्या भाड्यानं गेल्या. त्या खोल्यांत नांदेड, हिंगोली, परभणी, वाशीमची पोरं राहतात, शेजारच्या खोलीत बिहार-उत्तर प्रदेशची. कंपनीच्या कागदावर यातला कुणी ट्रेनी असतो, कुणी हेल्पर, कुणी कंत्राटी. ट्रेनी म्हणून लागलेला पोरगा लग्न होऊन दोन लेकरांचा बाप झाला तरी कागदावर ट्रेनीच असतो, आणि त्याला खरोखर ट्रेनिंग देणारा अख्ख्या साखळीत एकटा कायझेनराव.

वर्ग दुपारी दोनला, जेवणानंतर, एसी हॉलमध्ये. अर्धी पोरं एसीसाठीच येतात. पहिल्या स्लाइडच्या आधी कायझेनराव डावा हात वर करतात आणि विचारतात, "किती?" मागून कुणीतरी पाच म्हणतो. मग ते हात जवळ नेऊन दाखवतात. त्यानंतरची दहा मिनिटं कुणी झोपत नाही. माझ्या मते त्यांचं सगळ्यांत चांगलं ट्रेनिंग हे एवढंच आहे आणि त्याला प्रोजेक्टर लागत नाही.

पण ते तिथं थांबत नाहीत. साकिची टोयोडांच्या मागाची गोष्ट येते: धागा तुटला की तो माग आपला आपण थांबायचा, म्हणून वाईट कापड विणलंच जायचं नाही. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्या मागाचे हक्क विकत घेतले. "म्हणजे काय? तर चूक दिसली की थांबायचं. कुणीही थांबवावं. साहेबाची वाट बघायची नाही."

"धागा तुटला की माग आमच्या इचलकरंजीतबी थांबतोय सर," मागच्या बाकावरनं एक जण म्हणाला. "मालक थांबत न्हाई."

वही निघाली.

जपान फार लांब वाटायला लागलं की ते किर्लोस्करवाडीला येतात. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या निवडुंगाच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. यंत्र कधी न पाहिलेल्या खेडेगावच्या माणसांना हाताशी धरून कारागीर केलं. कारखान्याशेजारी वसाहत उभारली. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं, त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. हे सांगताना कायझेनरावांचा गळा दर वेळी दाटून येतो. अशाच एका क्षणी परभणीच्या पोरानं हात वर केला.

"सर, त्या वाडीत लेबर कॉन्ट्रॅक्टर होता का?"

कायझेनरावांनी वही काढली, पेन काढलं, आणि बराच वेळ काही लिहिलं नाही.

आता फाइव्ह-एसबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळ्या पट्ट्यात त्यांची ओळख त्यावरूनच आहे. पाच जपानी पायऱ्या आहेत: नको ते काढा, हवं ते जागच्या जागी लावा, झाडूनपुसून घ्या, त्याची पद्धत पाडा, आणि ती मोडू देऊ नका. पहिल्या पायरीवर कंपनीचा उत्साह ओसंडून वाहतो, पाचवीपर्यंत फक्त कायझेनराव पोचतात. त्यांनी स्टेपलरची जागा पिवळ्या पट्टीनं आखली. कचऱ्याच्या डब्याची आखली. टूलरूममधल्या देवाच्या तसबिरीखाली 'देवाचा फोटो, १ नग' अशी चिठ्ठी आहे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तेव्हा हळदकुंकवाच्या ताटासाठीही जमिनीवर चौकोन काढलेला असतो, आणि भटजी त्या चौकोनाबाहेर बसले तर कायझेनराव अस्वस्थ होतात.

घरीही तेच. आईला ते एकदा कांदाचाळीत उभं करून आधी आलेला माल आधी बाहेर काढायचं तत्त्व समजावत होते. माउलीनं सगळं ऐकून घेतलं. "आधी भरलेला आधी इकायचा, आन् कोंब आलेला घरात खायाचा. ह्ये शिकाया कंपनीनं पैसं भरलं व्हय रं?"

पहिल्या पायरीला त्यांना एक निष्ठावान अनुयायी मिळाला, तो म्हणजे भंगारचा ठेकेदार. या पट्ट्यात भंगाराचा ठेका काय चीज आहे, हे इथल्या ग्रामपंचायतीची एक जरी निवडणूक पाहिली असेल त्याला सांगायला नको. 'नको ते काढा' हे वाक्य ठेकेदाराला जपानी संस्कृतीचं सार वाटतं. दिवाळीला तो मिठाईचा पहिला डबा प्लँट हेडच्या आधी कायझेनरावांना आणून देतो (ते तो कॅन्टीनमध्ये वाटून टाकतात) आणि खालच्या आवाजात विचारतो, "सर, पुढचं फायूएस कधी लावताय?"

मग 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. दर महिन्याला प्रत्येक लाइननं एक सुधारणा दाखवायची, असं टार्गेट वरून येतं. सुधारणेलाही टार्गेट असतं, तेव्हा जे व्हायचं तेच होतं. एका सुपरवायझरची जागा आधीपासूनच स्वच्छ होती, त्याची पंचाईत झाली. त्यानं दोन पोरं पाठवून तेलकट चिंध्या, फुटकं डबडं आणि मोडका पॅलेट आणून तिथं पसरला, फोटो काढला, उचलला, पुन्हा फोटो काढला. कायझेनरावांना हे कळलं. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, चिंध्या आणल्या कुठून? शेडच्या मागं ज्या कोपऱ्यातून त्या आणल्या होत्या तो कोपरा कित्येक वर्षांत कुणी पाहिलाच नव्हता. तिथं दोन चांगल्या मोटर आणि एक अख्खी ट्रॉली सापडली. सुपरवायझरला त्या महिन्याचं बक्षीस मिळालं, आणि ते कायझेनरावांनीच मिळवून दिलं.

टेम्पोची गोष्ट अजून नगर रस्त्याच्या धाब्यांवर सांगतात. ग्राहक कंपनीचा ऑडिटर यायचा होता. कायझेनरावांनी महिनाभर नको असलेल्या प्रत्येक वस्तूला लाल टॅग लावले होते. टॅगवर कंपनीचं नाव, वस्तू, तारीख आणि 'तीस दिवसांत कुणी मागितली नाही तर भंगार' असा मजकूर. पण तीस दिवस भरायचे होते आणि ऑडिटर उद्यावर आला. प्रॉडक्शनवाल्यांनी कायझेनरावांना न सांगता तो सगळा माल एका टेम्पोत भरला आणि ड्रायव्हरला सांगितलं, संध्याकाळी पाचपर्यंत परत यायचं नाही, नुसता फिरत राहा. तो बिचारा वाघोलीपर्यंत गेला, वळला, आणि परत येताना लोणीकंदच्या पुढं ट्रॅफिकमध्ये अडकला. पुण्याहून सकाळी निघालेला ऑडिटरही त्याच ट्रॅफिकमध्ये होता, शेजारच्या रांगेत. या रस्त्यावर एकदा अडकलात की शेजारच्या गाडीवरचं सगळं वाचून होतं. दुपारी समारोपाच्या बैठकीत ऑडिटर एवढंच म्हणाला, "तुमची लाल टॅगची पद्धत मला आवडली. लोणीकंदपर्यंत राबवताय."

प्लँट हेडचा चेहरा पडला. कायझेनरावांनी मनापासून आभार मानले.

मायेची संस्कृती, म्हणजे कंपनीच्या भाषेत केअरिंग कल्चर, हा त्यांच्या कामाचा दुसरा भाग. ती कल्पना पुण्याच्या हेड ऑफिसातून आली. प्रत्येक कामगाराचा वाढदिवस केक कापून साजरा करायचा. कागदावर सोपं होतं. पण मराठी शाळेत ज्याची जन्मतारीख आईबापाला सांगता आली नाही त्याची गुरुजींनी १ जून लिहिलेली असते, हे हेड ऑफिसातल्या मॅडमना माहीत नव्हतं. एक जून उजाडला आणि निम्मी कंपनी जन्माला आली. ऑर्डर एक किलोची होती. कायझेनरावांनी मोजपट्टी आणली. केकचे इतके समान तुकडे सणसवाडीत त्याआधी आणि त्यानंतर झाले नाहीत. वाशीमच्या एका पोरानं आपला तुकडा हातात धरून विचारलं, "सर, यापेक्षा ओव्हरटाइम वेळेवर मिळाला तर चालंल का?"

सूचनापेटीही त्यांचीच. तिच्यात पहिल्या आठवड्यात आलेल्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेक कॅन्टीनबद्दल होत्या आणि त्यातली एक मला फार आवडते: 'डाळीत डाळ घालावी.' मॅनेजमेंटच्या बैठकीत ही चिठ्ठी विनोद म्हणून वाचली गेली. कायझेनराव हसले नाहीत. कॅन्टीन हे काही कुणाच्या मायेचं देणं नाही, अडीचशेहून जास्त माणसं कामाला असली की कॅन्टीन लागतंच, असं १९४८च्या कारखाना कायद्यातच होतं, हे त्यांना पाठ होतं. ते कॅन्टीनच्या भटारखान्यात गेले आणि किती डाळ आत येते, किती पातेल्यात पडते, हे आठवडाभर उभं राहून लिहीत बसले. मधला फरक कुठं जात होता यावर त्यांनी शेवटपर्यंत कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त एक तक्ता करून तो डाळीच्या डब्याच्या झाकणावर चिकटवला. पुढच्या सोमवारपासून डाळीत चमचा उभा राहायला लागला.

इथं मला एक म्हणायचंय. अशा माणसाला हसणं फार सोपं आहे, आणि मीही हसतो. पण त्याच्या लेबलांवर हसणाऱ्यांत दोन जाती असतात. लाइनवरची पोरं हसतात ती त्याच्यासमोर. ऑफिसातली हसतात ती त्याच्या मागं. याचं कारण पाच 'का'च्या प्रकरणात आहे.

एखादी अडचण आली की पाच वेळा 'का' विचारा, म्हणजे मुळापर्यंत पोचाल, असं ते शिकवतात. बायकोवर त्यांनी हा प्रयोग एकदाच केला. तिसऱ्या 'का'ला भाजी बंद झाली. कंपनीत मात्र तो फॉर्म आहे, त्याला पाच रकाने आहेत, आणि बहुतेक ठिकाणी तो उलटा भरतात. 'मूळ कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय: समज दिली' हे आधी लिहायचं आणि मग वरचे रकाने जुळवत आणायचे. लोक उशिरा येतात म्हणून एकदा कायझेनरावांना हा फॉर्म भरायला सांगितला. हिंगोलीचा एक पोरगा समोर उभा केला.

"का उशीर झाला राजा?"

"बस चुकली सर."

"का चुकली?"

"जाग नाही आली. मोबाइल बंद पडला, गजर झाला नाही."

"का बंद पडला?"

"खोलीत लाइट नव्हती. मालकानं आमचं कनेक्शन काढलं."

"का काढलं?"

"भाडं थकलंय."

"का थकलं?"

"पगार कुठं झालाय सर. आज सतरा तारीख."

पाच 'का' संपले होते. इथं कुणीही शहाणा माणूस फॉर्म बाजूला ठेवून चहा मागवतो. कायझेनरावांनी 'मूळ कारण' या रकान्यात सरळ लिहिलं: 'पगार उशिरा होतो.' हजाराच्या आत कामगार असले तर पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत पगार झाला पाहिजे, हे १९३६च्या वेतन कायद्यापासून चालत आलेलं आहे. कंत्राटदार म्हणाला, कंपनी बिल काढत नाही. अकाउंट्स म्हणालं, हजेरी येत नाही. हजेरीवाला म्हणाला, सही होत नाही. मग कायझेनराव स्वतः त्या बिलाच्या कागदाबरोबर चालायला लागले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, घड्याळ हातात धरून. कागदावर खरं काम व्हायचं जेमतेम तासाभराचं. बाकीचे दिवस तो कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडून असायचा, आणि एका ट्रेमध्ये तर साहेबांचा डबा त्याच्यावर ठेवलेला असायचा. हा सगळा प्रवास त्यांनी एका मोठ्या कागदावर काढला, वाट बघण्याचे दिवस लाल रंगात, आणि प्लँट हेडसमोर उलगडला.

"अहो, ही कंत्राटदाराची बाब आहे," साहेब म्हणाले.

"सर, वाट बघणं हा दोन नंबरचा अपव्यय आहे."

"मी लाइनवरचा अपव्यय शोधायला सांगितला होता."

"लाइन इथूनच सुरू होते सर," असं म्हणून त्यांनी डब्याखालच्या ट्रेवर बोट ठेवलं. नेमकं करंगळीचं, जे निम्मंच आहे. साहेबांना त्या बोटाची गोष्ट माहीत होती. ते काही बोलले नाहीत.

दोन सह्या कमी झाल्या. पुढच्या महिन्यात पगार बाराला झाला, मग नऊला, मग आठला. सात अजून गाठलेली नाही. "सतत सुधारणा," कायझेनराव म्हणतात. उशिरा येणारी पोरं खरोखर कमी झाली आणि कंपनीनं हे यश पुण्याच्या क्वालिटी सर्कल स्पर्धेत मांडलं. शीर्षक होतं 'बायोमेट्रिक यंत्राद्वारे उशिरा येण्यात घट'. ढाल मिळाली. कायझेनरावांनी ती ठेवायची जागा पिवळ्या पट्टीनं आखली.

या सगळ्याचा शेवट कसा होणार हे खरं तर आधीच दिसायला हवं होतं. मंदीचं वर्ष आलं आणि हेड ऑफिसनं कळवलं, लीन, म्हणजे हे अपव्यय काढणं, आता ऑफिसातही राबवा. कोणती पदं मालाची किंमत वाढवतात आणि कोणती वाढवत नाहीत याची यादी प्रत्येक विभागानं द्यावी. प्रत्येक विभागानं दुसऱ्या विभागाची नावं दिली. कायझेनराव तीन रात्री बसले आणि त्यांनी पुस्तकाप्रमाणे हिशेब केला. ग्राहक पैसे कशाचे देतो? आपण बनवतो त्या ब्रॅकेटचे. कापणं, वाकवणं, जोडणं, रंगवणं यांचे. भाषणाचे देत नाही. त्यांच्या यादीत एकच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी टूलरूमशेजारच्या लाल टॅगच्या जागेत, बंद पडलेला पंखा आणि गळका कॉम्प्रेसर यांच्या मध्ये, ते आपली खुर्ची टाकून बसलेले दिसले. खुर्चीच्या पाठीला टॅग: 'वस्तू: ट्रेनिंग ऑफिसर, १ नग. कारण: थेट किंमत वाढवत नाही. मुदत: ३० दिवस.' खाली नेहमीचा रकाना: 'कुणाला लागत असल्यास लिहावे.' साहेब परदेश दौऱ्यावर होते. एचआरच्या मॅडमनी विनवण्या केल्या. ते म्हणाले, पद्धत सगळ्यांना सारखी पाहिजे, नाहीतर पोरं उद्या माझं कशाला ऐकतील? तिथं बसूनच ते वर्ग घेत होते, फॉर्म तपासत होते आणि कॉम्प्रेसर कुठं गळतोय हेही त्यांनी शोधून काढलं.

भंगारचा ठेकेदार रोज येऊन तारीख बघून जायचा. आता त्याच्या चेहऱ्यावरही काळजी होती.

तिसाव्या दिवशी टॅग काढून पाहिला तर रकान्यात जागा उरली नव्हती. मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं. 'बी शिफ्टला लागतात.' 'पगाराची तारीख बघायला पाहिजेत.' 'सर को मत हटाइए। छुट्टी का फॉर्म यही भरते हैं।' 'डाळ घट्ट झाली. ठेवा. – कॅन्टीन.' कुणीतरी नुसता अंगठा दिला होता, शाई तेलकट होती. आणि सगळ्यांत खाली टूलरूमच्या म्हाताऱ्या फिटरच्या अक्षरात: 'माणूस ठीक. खुर्चीचं चाक गेलेलं आहे. खुर्ची भंगारात काढावी.'

कायझेनरावांनी पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, आणि नियमाप्रमाणे खुर्ची ठेकेदाराच्या ताब्यात दिली. वजनाची पावती फाइलला लावली. सुधारणेचा फॉर्म भरला: 'आधी'च्या फोटोत खुर्ची, 'नंतर'च्या फोटोत मोकळी फरशी, बचत चार चौरस फूट.

दुपारचा वर्ग त्यांनी उभ्यानं घेतला. नवी बॅच होती. अर्ध्या तासानं एका पोराला राहवलं नाही.

"सर, तुम्ही बसत का नाही?"

"शाब्बास," कायझेनराव म्हणाले. "एक 'का' झाला. अजून चार विचार."